तिसऱ्या मजल्यावरचं खाजण

नवी मुंबईतल्या करावे गावात एक जहाज आहे आणि ते पाण्यात नाही. टी. एस. चाणक्य. टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप. या घराण्यातलं थोरलं जहाज 'डफरिन'. १९२७ पासून त्यानं मुंबई बंदरात उभं राहून पोरांना दर्यावर्दी केलं. १९७२ मध्ये त्याची जागा 'राजेंद्र'नं घेतली. १९९३ मध्ये तिसऱ्या पिढीला मात्र खाऱ्या हवेचा कंटाळा आला असावा, कारण 'चाणक्य' सरळ करावेच्या जमिनीवर चढलं आणि विटा-सिमेंटची इमारत होऊन बसलं. म्हणून, "समुद्र घरात कशाला आणायचा?" असं बायकोनं विचारलं तेव्हा मी फक्त खिडकीतून त्या दिशेला बोट दाखवलं. ज्या गावात जहाज जमिनीवर राहतं, त्या गावात समुद्र तिसऱ्या मजल्यावर राहिला तर बिघडलं कुठं?

मी मूळचा माणदेशातला. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं आणि मासे स्वप्नात. अशा माणसाच्या हाती पगार आणि समुद्राचा शेजार एकदम आला की त्याचं डोकं फिरतं. माझं फिरलं ते चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेच्या टाकीपाशी. अडीचशे लिटर पाणी, त्यात खडक, खडकांवर फुलं वाटावीत असे प्राणी आणि त्यांच्यातून हिंडणारे दोन केशरी-पांढरे क्लाउन मासे.

घरमालक नाखवा पहिल्या मजल्यावर राहतात. तीन पिढ्या होडी चालवलेल्या घरातला माणूस. टाकी जिन्यावरून चढवताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, समिंदर खाली हाय. तुमी वर कनाला नेलाव?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

घरी प्रवाळ ठेवायचं म्हणजे आधी कायदा वाचावा लागतो. २००१ पासून आपल्याकडे खडक बांधणारं सगळं टणक प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्यामुळे माझ्या टाकीत मऊ मंडळीच होती: मशरूम, झोअँथिड वगैरे. खडकसुद्धा समुद्रातला नाही, सच्छिद्र सिमेंटचा. मासे पिंजऱ्यात, म्हणजे टाकीतच, जन्मलेले. क्लाउन माशांची पैदास आता आपल्या शेजारी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही करतात. एकूण माझा समुद्र म्हणजे सिमेंटचा खडक, नळाचं पाणी आणि ऐरोलीच्या तोडीचे पाळीव मासे. नवी मुंबईला साजेसाच.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मग एके दिवशी खडकाच्या एका कोपऱ्यावर हिरवा केस दिसला. एकच. मला कौतुक वाटलं. मी त्याचा फोटोसुद्धा काढला. आज तो फोटो पाहिला की वाटतं, चोराला आपण दारात उभं करून चहा विचारला होता.

दोन महिन्यांत खडकांना दाढी आली, पंपाला जटा आल्या आणि काचेवर सारवण झालं. मासे होते, पण ते आहेत हे श्रद्धेनं मानावं लागे. पाहुणे टाकीसमोर उभे राहून विचारत, "काय पेरलंय?" भांड्यांना येणाऱ्या मावशी दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी हातात काथ्या घेऊनच आल्या. "काचंला बुरशी धरलीय. घासून देऊ का साबणानं?" मी आडवा पडलो म्हणून समुद्र वाचला.

यात मावशींचं काही चुकत नव्हतं. घरगुती समुद्राचा इतिहासच मुळी मोलकरणीपासून सुरू होतो. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून लंडनला वेस्टमिन्स्टरमधल्या राहत्या घरी आणलं. तेव्हा पंप नव्हते, वीज नव्हती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. प्रवाळ जगलं, थिनबाईंचं नाव इतिहासात गेलं. मोलकरणीचे खांदे कुठं गेले ते कुणी लिहिलेलं नाही. ही गोष्ट मी मावशींना सांगितली. त्या म्हणाल्या, "तिला पगार किती व्हता?"

शेवाळ का येतं याचं शास्त्र अगदी सोपं आहे आणि त्यात सगळा दोष मालकाचा असतो, म्हणून ते कुणाला आवडत नाही. उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट ही तीन मिळाली की शेवाळाला आणखी आमंत्रण लागत नाही. उजेड मी स्वतः विकत आणून छतावरून टांगला होता. नायट्रेट मासे देत होते, कारण मी त्यांना सासुरवाडीला आल्यासारखं वाढत होतो. फॉस्फेट त्याच गोठवलेल्या खाण्यातून आणि थोडंफार वरून घातलेल्या पाण्यातून येत होतं. मोरबे धरणाचं पाणी पिण्याला चांगलंच आहे, तक्रार नाही. पण टाकीतून रोज दोन-तीन लिटरची वाफ होते. पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेलं सगळं मागं राहतं. म्हणून वरून घालायचं पाणी आधी आरओतून आणि मग त्याला जोडलेल्या रेझिनच्या नळकांड्यातून गाळायचं असतं. हे नळकांडं वेळच्या वेळी बदलायचं असतं, हे मला ठाऊक होतं. मधुमेही माणसाला जिलबीबद्दल जितकं ठाऊक असतं तितकं.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय टूथब्रश. दुसरा गोगलगायी. त्यांनी काच साफ केली, खडकावरच्या त्या विशिष्ट शेवाळाकडे पाहिलं आणि नाक मुरडून पुन्हा काचेकडे वळल्या. या शेवाळाचं नाव ब्रायोप्सिस. बारीक पिसासारखं दिसतं, आणि एरवी वाट्टेल ते खाणारी जनावरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

तिसरा उपाय चमत्कारिक आहे पण खरा आहे. ब्रायोप्सिसवर माणसांच्या नायट्याचं औषध चालतं. फ्लुकोनाझोल. लिटरला पाच मिलिग्रॅम या हिशेबानं माझ्या टाकीला दीडशे मिलिग्रॅमच्या नऊ कॅप्सूल लागत होत्या. डॉक्टर मेव्हण्यानं कपाळाला हात लावून चिठ्ठी लिहिली. पेशंटच्या नावाच्या जागी टाकी लिहिता येईना, म्हणून माझं नाव घातलं. औषधाच्या दुकानात गर्दी होती. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गर्दीला ऐकू जाईल अशा काळजीनं विचारलं, "नऊ? एकदम नऊ? बरंच पसरलंय का?"

मी खरं तेच सांगितलं. "हो, चार फुटांपर्यंत."

ब्रायोप्सिस गेलं. तीन आठवड्यांत मऊ पडून, पांढरं होऊन गेलं. मी पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात वाळूवर मरून रंगाची साय धरली. हे शेवाळही नव्हे, प्रकाशावर जगणारे जीवाणू. जागा रिकामी झाल्याचं त्यांना कुणी कळवलं, कोण जाणे. सायीमागून लांब केसांचं हिरवं आलं, त्याच्या मागून हिरवे गोल फुगे आले. फुगा दाबला की फुटतो आणि फुटला की त्यातून पोरं सांडतात, हे मला चाळीसएक फुगे दाबून झाल्यावर समजलं.

या सगळ्यात सर्वांत मोठा अपमान खिडकीतून व्हायचा. हिवाळ्यापासून मेपर्यंत आमच्या चाणक्यमागच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरतात, हजारोंनी. थेट कच्छाकडून येतात. पाम बीच रस्त्यावरून गळ्यात दुर्बिणी आणि हातभर लांब लेन्सा घेतलेले लोक पहाटे धावत येतात. शेजारची ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, त्यात या पाहुण्यांचा मोठा वाटा. आणि हे एवढं अंतर उडून येतात कशासाठी? शेवाळासाठी! धाकट्या रोहितांचं मुख्य अन्न म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ. पंखांचा तो गुलाबी रंग, ज्याचे फोटो काढायला लोक साखरझोप मोडतात, तोही त्याच खाण्यातून येतो. एकाच पिनकोडमध्ये तळाला ते खाऊन पक्षी गुलाबी होत होते आणि तिसऱ्या मजल्यावर ते घासून मी काळवंडत होतो.

नाखवा एकदा भाडं घ्यायला म्हणून वर आले आणि टाकीसमोर बसूनच राहिले. "याला आमी खाजन म्हनताव," ते म्हणाले. खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन. मग बोट लावून काच तपासली. "शेवाल काडून कनाला टाकताव? त्यो तं माशांचा जेवान. दोन बोयटी सोडा. बोयटी शेवाल खातीन, मंग आपुन बोयटी खाव." खाडीतला बोयटा खरोखरच शेवाळ आणि गाळ खाऊन पोसतो. उपायात शास्त्रीय चूक एकही नव्हती. फक्त बोयटा हातभर वाढतो आणि माझी टाकी चार फुटांची. आणि खरं सांगायचं, तर शेवटच्या पायरीनं मी थोडा डळमळलोही होतो.

शेवटी ठरलं. टाकी पूर्ण रिकामी करायची, खडक निर्जंतुक करायचे आणि पहिल्यापासून समुद्र मांडायचा. बायको म्हणाली, "म्हणजे रिडेव्हलपमेंट." हा शब्द नवी मुंबईत हळू आवाजात बोलायचा असतो. पण काम तेच होतं. रहिवाशांना संक्रमण शिबिर हवं होतं. नाखवांनी मासळीचा थर्माकोलचा खोका दिला. तो दहा वेळा धुऊन त्यात छोटा पंप लावला, आणि ज्या खोक्यातून आजवर बर्फावर झोपलेली पापलेटं बाजारात गेली, त्यात दोन जिवंत क्लाउन राहायला गेले. क्लाउन माशांत सगळे जन्मतः नर असतात. जो सर्वांत मोठा आणि दांडगा, तो मादी होतो आणि घर चालवतो. खोक्यात गेल्या गेल्या आमच्या मादीनं नवऱ्याला एका कोपऱ्यात ढकललं आणि उरलेला खोका स्वतःच्या नावावर केला. मशरूम आणि झोअँथिडचे चांगले तुकडे कापून दुसऱ्या टबात गेले.

खडकांच्या बाबतीत माझा पहिला विचार मोदकपात्रात उकळण्याचा होता. बायकोनं मोदकपात्र दिलं नाही. "त्यात गणपतीचा नैवेद्य होतो," एवढंच तिचं कारण. नंतर वाचनात आलं की झोअँथिड बसलेले खडक उकळणं जिवावर बेतू शकतं. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असतं, निसर्गातल्या अत्यंत तीव्र विषांपैकी एक, आणि त्या वाफेनं अख्खी कुटुंबं इस्पितळात गेलेली आहेत. आम्ही वाचलो ते गणपतीमुळे. यापुढे मी मोदकपात्राला हात लावायचा नाही असा घरात ठराव झाला.

मग ब्लीच. बादलीत पातळ ब्लीच, त्यात आठवडाभर खडक, मग धुणं, मग क्लोरीन मारायला हायपो, पुन्हा धुणं आणि शेवटी ऊन. मे महिना होता, म्हणून खडक गच्चीवर नेले. करावेतल्या गच्चीवर मे महिन्यात मोकळी जागा मिळत नाही. एका बाजूला खालच्या मजल्यावरच्या काकूंचे पापड, दुसऱ्या बाजूला जाळीखाली जवळा, दोरीवर बोंबील. मी मधल्या पट्ट्यात जुनी चादर घालून एकोणीस खडक मांडले. ब्लीच होऊनही पोटात मेलेलं शेवाळ होतंच. दुपारी बारा वाजता त्यांनी जो वास सोडला, तो मी शब्दांत मांडत नाही. माणदेशातल्या माणसाकडे त्यासाठी शब्दच नाहीत. मी कानकोंडा होऊन काकूंची माफी मागायला गेलो. त्यांनी गच्चीच्या दारात उभं राहून खोल श्वास घेतला आणि समाधानानं म्हणाल्या, "औंदा जवला झ्याक सुकलाय."

नाखवा मात्र खडकांमधून फिरत वेगळंच बोलत होते. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० मध्ये आली तेव्हा ते शाळकरी पोर होते. भातशेती, मिठागरं, खाजणं, सगळं मोजून कागदावर गेलं, वर नवीन शहर आलं आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या फायली घेऊन गाव ऑफिसांचे जिने चढत राहिलं. "आमचा पन असाच झाला," ते एक खडक उलटा करत म्हणाले. "सगला धुऊन सुकवला. म्हनले, नवीन घालताव." मग हसले. "पन शेवाल आलाच ना परत? आमी हाव ना?" त्या दुपारी मी खडक उलटायचं काम त्यांच्यावर सोपवून खाली आलो.

टाकी पुन्हा भरायची म्हणजे मीठ. लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे अडीचशे लिटरला पावणेनऊ किलो. मी मागवलेली बादली जर्मनीहून आली होती. ती जिन्यावरून चढताना पाहून नाखवांच्या घरात शांतता पसरली. आगरी हे नावच आगरावरून, मिठागरावरून आलेलं. त्या लोकांच्या घरात मी परदेशातून मीठ आणत होतो, तेही किलोला सुक्या मेव्याच्या भावानं. मी समजवायचा प्रयत्न केला. आगरात पाणी आटतं तेव्हा आधी साधं मीठ खडा धरतं, मॅग्नेशियम मागं राहिलेल्या कडू पाण्यात उरतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि चारशेच्या वर कॅल्शियम असतं, माझ्या प्राण्यांना ते सगळं लागतं. नाखवांनी पूर्ण ऐकून घेतलं. "मंग त्या जर्मनवाल्याला सांगा," ते म्हणाले, "आमचा कडू पानी पन घेऊन जा. फुकट."

खडक, वाळू, खारं पाणी, सगळं १ जूनला टाकीत गेलं. मुहूर्त मी काढला नव्हता, पण त्याच दिवशी सरकारची मासेमारी बंदी लागली. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक होड्या किनाऱ्याला. दर्याला विसावा, माशांना वीण. माझ्याही टाकीला तेवढाच विसावा लागणार होता. नव्या पाण्यात एकदम मासे सोडले तर स्वतःच्याच अंगातून निघालेल्या अमोनियानं ते मरतात. आधी खडकात जीवाणू वसावे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तिला खायला म्हणून सुरुवातीला काहीतरी कुजवावं लागतं. सर्वांत सोपं म्हणजे एक कच्ची कोळंबी.

एक.

बंदीचे दिवस, बाजारात मासळी कमी, भाव चढलेले. मी कोळणीसमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "मावशी, एक कोळंबी द्या."

"येक किलो?"

"नाही. एक नग."

तिनं कोयता खाली ठेवला. शेजारणीला हाक मारली. तिसरीही उठून आली. "येक कोलबी? कोनाला दाकवाला नेतंस?" मी म्हणालो, कुजवायला. त्यानंतर तिथं जे झालं त्याला हसणं हा शब्द अपुरा आहे. तिनं कोळंबी फुकट दिली, वर एक लिंबू ठेवलं आणि म्हणाली, "देव बरा करील."

पुढचे सहा आठवडे आम्ही एका कोळंबीचं विघटन पाहिलं. दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत टाकीचं पाणी, त्यात थेंब, मग रंगाच्या पट्टीशी ताडून पाहणं. अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढलं, उतरलं. हे आकडे मी ऑफिसच्या ताळेबंदापेक्षा सुबक वहीत लिहिले. खाली नाखवा जाळी विणत होते, वर मी नळ्या हलवत होतो, आणि बाहेर पाऊस असा की खाडीचं पाणी जवळजवळ गोडं व्हावं. मला रिकाम्या टाकीसमोर बसलेलं पाहून बायको एकदा म्हणाली, "आता दिसतंय बघ काचेतून सगळं." खरंच दिसत होतं. काहीच नव्हतं, पण स्वच्छ दिसत होतं.

नारळी पौर्णिमेला होड्यांना रंग लागला, ध्वज चढले, मिरवणूक जेट्टीकडे गेली. मी त्याच दिवशी क्लाउन घरी सोडले. दोन महिन्यांहून जास्त खोक्यात राहून मादी आणखी दांडगी झाली होती. ती टाकीभर फेरी मारून आली आणि पंपाच्या तोंडाशी नवऱ्याला ढकलून उभी राहिली. काकू वर आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "नारल नाय सोडला?" आमच्या झाकणाच्या फटीतून नारळ जात नाही म्हणून सोनेरी कागदातली सुपारी दाखवून परत घेतली. प्रवाळांना जादा फॉस्फेट चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नव्या टाकीला पहिल्या काही महिन्यांत एक कुरूप अवस्था येते, हे या छंदात सगळे मान्य करतात, फक्त दुसऱ्याच्या टाकीबद्दल. वाळूवर तपकिरी धूळ बसली. हे डायटम, सिलिकेट संपलं की जातात. गेले. मग मी उत्साहानं पाणी इतकं गाळलं, माशांना इतकं उपाशी ठेवलं की नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. वहीत शून्याला लाल वर्तुळ केलं. चौथ्या दिवशी खडकांवरून तपकिरी शेंबूड लोंबू लागला, त्यात बुडबुडे. डायनोफ्लॅजेलेट. यांच्यातले काही नेमके पाणी फार स्वच्छ झालं की येतात. इतर कुणी स्पर्धेला उरत नाही म्हणून. तेव्हा इलाज काय, तर पाणी थोडं घाण करा. चार महिने ब्लीच, ऊन आणि जर्मन मीठ खर्चून मी टाकीत मुद्दाम जास्त खाणं टाकत बसलो होतो. मावशी दारातून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त काथ्या उन्हात वाळत ठेवला.

डायनो गेले. गोगलगायींची नवी तुकडी आणली. त्यातल्या एकीच्या शंखावर अगदी बारीक, पिसासारखं काहीतरी हिरवं होतं. दिसायला गोंडस होतं. या वेळी मी फोटो काढला नाही. लगेच चिठ्ठी शोधली.

दुकानात नेहमीसारखीच गर्दी. दुकानदारानं मला रांगेच्या शेवटाला ओळखलं, चष्मा वर केला आणि आपुलकीनं ओरडला, "काय साहेब, गेलं का ते?"

"गेलं होतं," मी म्हणालो. "परत आलंय. या वेळी गोगलगायीकडून."

माझ्या पुढची चार माणसं बाजूला झाली आणि माझा नंबर लगेच लागला.